वयात येऊ न देणारं औषध

1964 साली कारेल स्लामा हे कीटकशास्त्रज्ञ प्रागहून अमेरिकेला, हार्वर्ड विद्यापीठात कॅरोल विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेत आले. येताना त्यांनी आपले ढेकूण बरोबर आणले होते. हे माणसाचं रक्त पिणारे ढेकूण नव्हेत. लिंडनच्या झाडाखाली गळून पडलेल्या बियांचा रस शोषणारे, लाल पाठीवर काळी नक्षी मिरवणारे हे निरुपद्रवी जीव. पायरोकोरिस हे त्यांचं शास्त्रीय नाव. त्यांची पिल्लं पाच टप्प्यांत वाढतात, प्रत्येक टप्प्याअखेर कात टाकतात आणि पाचवी कात टाकली की पूर्ण वाढलेला नर किंवा मादी बाहेर येते. प्रागमध्ये स्लामांनी हे वर्षानुवर्षं पाहिलं होतं. हार्वर्डला मात्र ढेकूण वयातच येईनात. पाचव्या टप्प्यानंतर सहावा, काहींचा तर सातवाही. अंगाने थोराड झालेलं, पण शरीर पिल्लाचंच. त्याच अवस्थेत ते मरून जात.

दोन शहरांमधला फरक शोधायला सुरुवात झाली. बिया, पाणी, उजेड, काचेची भांडी असं एकेक तपासून बाजूला पडलं. शेवटी बोट ठेवलं गेलं ते ढेकणांना फिरायला बरणीत ठेवलेल्या कागदावर. हात पुसायच्या साध्या अमेरिकन कागदाचे ते तुकडे होते. त्याऐवजी गाळणकागद घातला आणि ढेकूण बिनतक्रार मोठे झाले. मग या जोडीने हाताला लागेल तो कागद बरणीत घालून पाहिला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘वॉल स्ट्रीट जर्नल’, ‘सायन्स’ यांच्या कागदावर ढेकूण कायमचे पोरवयात अडकत. लंडनच्या ‘टाइम्स’वर आणि ‘नेचर’वर त्यांना काहीही होत नसे. पत्रकारितेचा दर्जा इथे निकष नव्हता, लगदा कुठल्या झाडाचा हा होता. अमेरिकन कागदाच्या लगद्यात उत्तर अमेरिकेतल्या बाल्सम फर या सूचिपर्णी वृक्षाचं लाकूड असे, आणि त्या लाकडात ढेकणाला पिल्लूच ठेवणाऱ्या बालसंप्रेरकाची नक्कल करणारं एक रसायन होतं. अमेरिकन कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात विल्यम बॉवर्स यांनी 1966 मध्ये ते ओळखून काढलं. त्याला नाव मिळालं जुवाबायोन.

आपल्याकडच्या कपाशी उत्पादकाला हा ढेकूण अगदीच परका नाही. उमललेल्या बोंडावर घोळक्याने बसणारा, सरकीतला रस शोषून रुईवर डाग पाडणारा तांबडा ढेकूण याच कुळातला. जुवाबायोनचं वैशिष्ट्य असं की ते याच कुळावर चालतं, इतर कीटकांवर जवळपास नाही. के. एन. सक्सेना या भारतीय कीटकशास्त्रज्ञाने विल्यम्स यांच्याबरोबर कागदातला हा घटक आपल्या तांबड्या ढेकणावर वापरून पाहिला, आणि त्याचीही वाढ तशीच अडली. निबंध 1966 मध्ये छापून आला तो ‘नेचर’मध्येच. त्या कागदावर ढेकूण सुखाने नांदत होते हा भाग वेगळा.

एका झाडाने, कोणे एके काळी, फक्त आपल्या शत्रूच्या कुळाला लागू पडेल असं औषध बनवून ठेवावं आणि बाकी कुणाला त्याची झळही लागू नये, ही कल्पनाच त्या काळात डोकं चक्रावणारी होती. कीटकनाशकांचे दुष्परिणाम मांडणारं रेचल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ 1962 मध्ये आलेलं. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्यूलर यांना 1948 मध्ये नोबेल मिळालं होतं, त्यालाही फार वर्षं लोटली नव्हती. किडीबरोबर पक्षी, मासे, मधमाश्या सगळंच झोडपणाऱ्या विषांना पर्याय हवा होता. विल्यम्स यांनी 1967 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लेख लिहून तो घोषित केला. शिसं-आर्सेनिकची पहिली पिढी, डीडीटीची दुसरी, आणि आता संप्रेरकांची तिसरी. आपल्याच संप्रेरकाला कीटक दाद देईनासे झाले तर ते स्वतःच जगणार नाहीत, म्हणून या औषधांविरुद्ध प्रतिकारशक्ती येणारच नाही, असंही त्यांचं म्हणणं होतं. या वाक्याकडे पुढे वळावंच लागेल.

कीटकाच्या अंगात संप्रेरकं असतात हेच मुळात बराच काळ कुणी मानत नव्हतं. पोलंडच्या स्टेफान कोपेच यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पतंगाच्या अळ्यांच्या अंगाभोवती दोरा आवळून पाहिला. वेळेआधी आवळला तर दोऱ्याच्या पुढचा, डोक्याकडचा भाग कोष बने आणि मागचा अळीच राही. मेंदू काढून टाकला तर कोष होतच नसे. मेंदूतून रक्तात काहीतरी उतरतं आणि त्यावर रूपांतर ठरतं, हा त्यांचा निष्कर्ष काळाच्या फार पुढे होता. 1941 मध्ये नाझींनी कोपेच यांना गोळ्या घातल्या. आपलं म्हणणं जगाने मान्य केलेलं पूर्णपणे पाहायला ते उरले नाहीत.

पुढचं काम लंडनमध्ये व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी केलं, तेही एका ढेकणावर. हा मात्र खरोखर रक्तपिपासू, दक्षिण अमेरिकेत चागास रोग पसरवणारा ऱ्होडनियस. याची सोय अशी की तो प्रत्येक टप्प्यात एकदाच पोट फुगेपर्यंत रक्त पितो आणि त्यानंतर ठरावीक दिवसांनी कात टाकतो. रक्त प्यायल्याबरोबर मुंडकं उडवलं तर कात पडत नाही, पण बिनमुंडक्याचा ढेकूण महिनोन्‌महिने जिवंत राहतो. अशा दोन ढेकणांना मेणाने चिकटवून त्यांचं रक्त एकमेकांत मिसळू दिलं तर एकाच्या संप्रेरकावर दुसरा कात टाकतो. मोठ्या होऊ घातलेल्या ढेकणाला लहान पिल्लू जोडलं की मोठाही पिल्लूच राहतो. विगल्सवर्थ यांनी पुढे ढेकणाच्या पोटावर बालसंप्रेरकाच्या गुणाचं द्रव्य वापरून आपल्या नावाची आद्याक्षरं काढली. कात पडल्यावर प्रौढ ढेकणाच्या कातडीत तेवढीच अक्षरं पिल्लाच्या कातडीची राहिली. सर ही पदवी मिळालेल्या शास्त्रज्ञाचा हा खोडकरपणा मला त्यांच्या शोधनिबंधांइतकाच आवडतो.

या सगळ्यातून जे चित्र उभं राहिलं ते असं. कात टाकायला लावणारं संप्रेरक म्हणजे एक्डायसोन. जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी 1954 मध्ये 500 किलो रेशीमकोषकांतून त्याचे जेमतेम 25 मिलिग्रॅम स्फटिक मिळवले. दुसरं बालसंप्रेरक. एक्डायसोन ही शाळेची घंटा धरली तर ती वाजली की वर्ग सुटतो, कात पडते. पण पुढच्या इयत्तेत जायचं की त्याच वर्गात परत बसायचं, हे बालसंप्रेरक ठरवतं. ते रक्तात भरपूर असेल तर अळीनंतर अळीच. ओसरलं की कोष, मग पतंग. त्यामुळे कीटकाला अडवण्याचे मार्ग दोन. घंटा भलत्या वेळी वाजवायची, किंवा बालसंप्रेरक नको त्या वेळी द्यायचं. माणसाला, गाईला, चिमणीला कात टाकायची नसते. त्यांच्या अंगात हे दोन्ही निरोप वाचणारी यंत्रणाच नाही. नेहमीच्या विषांचं तसं नसतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध अळीच्या मज्जातंतूतलं जे विकर बंद पाडतं, तेच फवारणाऱ्याच्या अंगातही असतं.

खरं बालसंप्रेरक फवाऱ्यासाठी कुचकामी. उन्हात, पाण्यात ते लवकर संपतं. त्याची टिकाऊ नक्कल बनवायचं काम कॅलिफोर्नियात 1968 मध्ये निघालेल्या झोएकॉन या कंपनीने केलं. ती काढणारे कार्ल जेरासी हे त्याआधीच गर्भनिरोधक गोळीतल्या संप्रेरकाचे रसायनशास्त्रज्ञ म्हणून जगाला माहीत होते. बायकांच्या संप्रेरकांवरून कीटकांच्या संप्रेरकांवर येणं त्यांना सहज जमलं असणार. त्यांच्या मेथोप्रीनला 1975 मध्ये अमेरिकेत नोंदणी मिळाली.

पण मेथोप्रीन शेतात फारसं गेलं नाही. ते गेलं डबक्यांत, गोठ्यांत, धान्याच्या कोठारांत आणि कुत्र्या-मांजरांच्या केसांत. कारण उघड आहे, फक्त ते नंतर कळलं. बालसंप्रेरक देऊन अळीला अळीच ठेवलं तर ती आणखी खात राहते. बोंडअळीला हा उपाय म्हणजे पंगतीत आणखी एक वाढा. जिथे अळी निरुपद्रवी आणि प्रौढ कीटक त्रासदायक, तिथेच हे औषध शोभतं. डासाची अळी पाण्यात शेवाळ आणि कचरा खाते, तिला खुशाल खाऊ द्यावं. कोषात जाऊन डास बाहेर येता येता ती मरते, एवढंच आपल्याला हवं असतं. गुरांना चावणाऱ्या शिंगमाश्यांसाठी तर मेथोप्रीन जनावराच्या क्षारमिश्रणातूनच देतात. ते शेणातून बाहेर पडतं आणि शेणात वाढणाऱ्या अळ्यांमधून माश्या निघत नाहीत.

डासांच्या बाबतीतला सगळ्यात देखणा प्रयोग पेरूतल्या इकितोस शहरात झाला. 2009 मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथल्या सार्वजनिक कब्रस्तानात थडग्यांवर फुलदाण्या असतात, फुलदाण्यांत पाणी असतं आणि पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. एवढ्या फुलदाण्या शोधून प्रत्येकीत औषध घालणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं. मग संशोधकांनी ते काम डासांवरच सोपवलं. डासाच्या माद्या सावलीत विसावतात त्या जागांपैकी फक्त 3 ते 5 टक्के जागांवर त्यांनी पायरिप्रॉक्सिफेन या बालसंप्रेरकाच्या नकलेची भुकटी लावली. मादी तिथे बसते, पायाला भुकटी लागते, आणि अंडी घालायला ती ज्या ज्या पाण्यावर जाते तिथे भुकटी झटकली जाते. जवळपास सगळ्या पाणवठ्यांपर्यंत औषध पोचलं. तिच्या पायाला लागलेला कणही पुरतो, इतकी ही रसायनं जहाल आहेत. जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यातही हे औषध वापरायला मुभा देते, प्रमाण लिटरला 0.01 मिलिग्रॅम. 2016 मध्ये झिकाच्या साथीत ब्राझीलमध्ये लहान डोक्याच्या बाळांचं खापर यावर फोडलं गेलं. पण रेसिफे शहरात अशी बाळं जन्मली तिथे हे औषध वापरलंच जात नव्हतं.

अळीच जिथे शत्रू आहे तिथे दुसरा मार्ग चालतो, भलत्या वेळी घंटा वाजवायचा. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या रोम अँड हास कंपनीला एक्डायसोनची नक्कल करणारी रसायनं सापडली. रचनेने ती एक्डायसोनसारखी अजिबात दिसत नाहीत, तरी पतंगवर्गीय अळीच्या शरीरात तेच कुलूप उघडतात. त्यातल्या टेबुफेनोझाइडला 1998 मध्ये हरित रसायनशास्त्राचा अमेरिकन अध्यक्षीय पुरस्कार मिळाला. हे पोटात गेलेली अळी काही तासांतच खाणं थांबवते. पानावर असते, जिवंत असते, पण तोंड चालत नाही. मग एक-दोन दिवसांनी तिच्या जुन्या डोक्याच्या टोपीमागे नवीन डोकं दिसू लागतं. जुनी टोपी निसटून तोंडाशी लोंबते, पण गळून पडत नाही, कारण कात पुरती सुटायला एक्डायसोन ओसरावं लागतं आणि ही नक्कल ओसरतच नाही. नवीन जबडा मऊ, न रंगलेला, त्यावर जुन्याचं झाकण. दोन डोक्यांची ती अळी तशीच उपाशी मरते. गांधीलमाशी, लेडीबर्ड, कोळी यांच्या बाबतीत हे कुलूप इतकं वेगळं आहे की त्यांना जवळजवळ काही होत नाही.

एवढं असूनही ही औषधं आपल्या शिवारात मुख्य का झाली नाहीत, याचं उत्तर प्रयोगशाळेत नाही, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर आहे. शेतकरी तिथे येतो तो पान हातात घेऊन. त्यावर अळी असते, आणि त्याचा प्रश्न एकच असतो, रिझल्ट कधी दिसेल? संध्याकाळी फवारलं तर सकाळी जमिनीवर अळ्यांचा सडा दिसावा, ही अपेक्षा सिंथेटिक पायरेथ्रॉइडांनी लावून ठेवली आहे. तीन दिवसांनी मरणारी, मधल्या काळात पानावर जिवंत बसलेली अळी पाहून तो दुसऱ्याच दिवशी दुसरं औषध नेतो आणि पहिल्याच्याच पंपात मिसळतो. अळी खात नाही हे पाहायला पान जवळ घेऊन बघावं लागतं, आणि ते सांगायला दुकानात कुणी बसलेलं नसतं. विक्रेत्याचा तरी काय दोष? रात्रीतून मारणाऱ्या बाटलीवर गिऱ्हाईक परत येतं.

या घाईची किंमत यवतमाळने मोजली. 2017 च्या हंगामात डोक्यावर गेलेल्या कपाशीत मिश्रणं फवारताना विषबाधा होऊन त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. हातमोजे नव्हते, मास्क नव्हते, उमस होती, ही कारणं सगळ्यांनी सांगितली आणि ती खरीच आहेत. पण पंपात काय होतं हेही कारण आहेच. माणसाच्या मज्जासंस्थेला ओळखणारं औषध होतं.

गंमत अशी की संप्रेरकावर घाला घालणारं एक औषध आपल्या बांधावर फुकट उभं आहे. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन मेंदूतून सुटणारे निरोपच अडवतं, त्यामुळे एक्डायसोन वेळेवर तयार होत नाही आणि अळी कातीत अडकून मरते. वर ते कडूही आहे, बऱ्याच किडी तोंड लावत नाहीत. 1959 मध्ये सुदानमध्ये टोळधाडीने सगळं हिरवं फस्त केलं तेव्हा कडुनिंब तेवढे शाबूत राहिले, हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर यांनी पाहिलं. 1962 मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान, जोतवाणी आणि राय यांनी निंबोळीचं पाणी फवारलेल्या पिकाला टोळ शिवत नाहीत हे दाखवून दिलं. अझाडिरॅक्टिन 1968 मध्ये वेगळं झालं, त्याची रचना 1985 मध्ये पक्की झाली, आणि केंब्रिजमध्ये स्टीव्हन ले यांच्या गटाला ते प्रयोगशाळेत बनवायला 22 वर्षं लागली. झाडाला मात्र दरवर्षी एका पावसाळ्यात ते जमतं.

आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांची 5 टक्के निंबोळी अर्काची कृती कुठल्याही गावच्या शेतकऱ्याला पाठ असते. 5 किलो निंबोळ्या कुटून 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायच्या. दुसरीकडे 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा. सकाळी गाळून दोन्ही एकत्र करायचं आणि 90 लिटर पाणी घालून 100 लिटर फवारणी करायची. पाठ असते, पण करतात किती? निंबोळ्या पडतात त्या पेरणीच्या गडबडीत. वेचायला हात नसतात, वाळवायला ऊन नसतं, ओल्या पोत्यात बुरशी धरते. शिवाय उन्हात अझाडिरॅक्टिन झपाट्याने नष्ट होतं, म्हणून फवारणी संध्याकाळीच हवी आणि अळ्या लहान असतानाच हवी. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीला बाहेरून काहीही फवारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. 1500 पीपीएमची तयार बाटली विकत मिळते, पण तीही वेळेवरच मारावी लागते. संप्रेरकावर चालणाऱ्या औषधांची हीच खरी अट आहे. अळी कितव्या अवस्थेत आहे हे शेतकऱ्याला ओळखता आलं पाहिजे. आपली सगळी विस्तारयंत्रणा मात्र अजून तारखेवर फवारणी सांगते.

आता विल्यम्स यांचं ते वाक्य. प्रतिकारशक्ती येणारच नाही, हे त्यांचं म्हणणं फार टिकलं नाही. इस्रायलमध्ये पायरिप्रॉक्सिफेनला 1991 मध्ये परवानगी मिळाली. गुलाबाच्या एका हरितगृहात पांढऱ्या माशीवर लागोपाठ तीन फवारण्या झाल्या आणि तिथली माशी 500 पटींहून जास्त सहनशील निघाली. आपल्याकडेही कपाशीच्या पांढऱ्या माशीवर हेच औषध चालतं, म्हणून ही गोष्ट लक्षात असलेली बरी. कीटकाला स्वतःचं संप्रेरक नाकारावं लागत नाही. नकलेचा चुराडा करणारी विकरं वाढवली तरी भागतं. फळमाशीतला एक प्रकार तर याहून नवलाचा. 1986 मध्ये मेथोप्रीन सहन करणारी एक माशी अमेरिकेत सापडली आणि बिघडलेल्या त्या जनुकाला मेथोप्रीन-टॉलरंट असं नाव पडलं. 2011 च्या सुमारास कळलं की शास्त्रज्ञ कित्येक दशकं जे शोधत होते ते बालसंप्रेरकाचं कुलूप म्हणजे हेच जनुक बनवतं ते प्रथिन. प्रतिकारशक्तीनेच संप्रेरकाचा पत्ता दिला.

आणि पर्यावरणस्नेही हे विशेषणही सरसकट लावता येत नाही. कोळंबी आणि खेकडेसुद्धा कात टाकतात. कवच बनवणाऱ्या कायटिनची निर्मिती थांबवणारी डायफ्लुबेन्झुरॉनसारखी औषधं संप्रेरकांची नसली तरी याच वर्गात विकली जातात. कोळंबीच्या तळ्याजवळ ती चालत नाहीत. द्राक्षबागायतदार पिठ्या ढेकणावर वापरतो ते बुप्रोफेझिनही याच जातीचं.

सगळ्यात बोलकी गोष्ट इटलीतली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या उत्तर भागात फळबागांवर फेनॉक्सिकार्ब हे बालसंप्रेरकाच्या गुणाचं औषध फवारलं जाऊ लागलं. माणसाला, पक्ष्यांना तुलनेने सुरक्षित. मग व्हेनेतो प्रांतातल्या रेशीम उत्पादकांच्या अळ्या विचित्र वागू लागल्या. पाचवी अवस्था संपत आली तरी त्या तुतीची पानं खातच राहिल्या, फुगल्या, पण रेशीम काढेनात. कोषच झाले नाहीत. वाऱ्याबरोबर तुतीवर आलेला फवाऱ्याचा अंशही पुरेसा होता. तिथल्या जुन्या रेशीमउद्योगाला हा जबर फटका होता.

मराठवाड्यात तुतीची लागवड वाढते आहे. जालन्यात कोषांचा बाजार 2018 पासून भरतो. इथे हीच दोन संप्रेरकं उलट बाजूने कामाला येतात. अळ्या पिकायला आल्या की म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेचं ‘संपूर्ण’ हे वनस्पतिजन्य एक्डायसोनाचं द्रावण पानांवर फवारतात. त्यामुळे सगळ्या अळ्या एकदम चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चटईवर, चढतात आणि दोन-तीन दिवस चालणारी वेचणी एका दिवसात उरकते. जपानमध्ये 1970 च्या दशकात बालसंप्रेरकाची अगदी सूक्ष्म मात्रा देऊन अळीला एखादा दिवस जास्त खायला लावायचे, म्हणजे कोष जाड होई. शेजारच्या वावरात पांढऱ्या माशीवर पायरिप्रॉक्सिफेन मारलं जात असेल तर हा हिशेब चुकतो. म्हणून तुतीवाल्याने बांधावरच्या शेजाऱ्याला आधी विचारून ठेवावं, यंदा कपाशीवर काय मारणार आणि कधी, आणि पानं तोडण्याआधी वारा कुठून आहे तेही बघावं.